‘कडक’साठी इंग्रजी शब्द कोणता? तीन मोफत कोशांची पारख

कडक चहा, कडक ऊन, कडक शिक्षा, कडक सर. मराठीत एकच शब्द चारही ठिकाणी चालतो आणि चारही ठिकाणी बरोबर असतो. इंग्रजीत मात्र चहा स्ट्राँग, ऊन स्कॉर्चिंग, शिक्षा हार्श किंवा सिव्हिअर आणि सर स्ट्रिक्ट. यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की गडबड होते. ‘हार्श टीचर’ लिहिलं तर वाक्य चुकत नाही, अर्थ सरकतो. स्ट्रिक्ट म्हणजे नियमाला धरून असणारा, हार्श म्हणजे गरजेपेक्षा जास्त लागेल असं वागणारा. स्ट्रिक्टमध्ये तक्रार असेलच असं नाही, हार्शमध्ये ती असतेच. शिफारसपत्रात, तक्रार अर्जात किंवा कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात हा फरक महागात पडतो.

कठोरपणा आणि वैर दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांसाठी बहुतेक जण दोन ठिकाणी जातात. एक म्हणजे इंग्रजी-मराठी शब्दकोश. तिथे हार्श, सिव्हिअर, स्टर्न, ऑस्टीअर या चौघांसमोर बहुधा ‘कठोर’च सापडतं. दुसरं म्हणजे थिसॉरस, अर्थात समानार्थी शब्दांची यादी. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला थिसॉरस छापला, तेव्हा शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांनुसार हजार गटांत बसवले. ही मांडणी ओळखीचा पण आयत्या वेळी न आठवणारा शब्द शोधायला उत्तम आहे. अनोळखी शब्द त्या यादीतून उचलून वाक्यात बसवणं मात्र धोक्याचं. यादीत शब्द शेजारी आला, म्हणून वाक्यातली त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून इथे मोफत मिळणारे तीन कोश फक्त या एका कामासाठी तपासले आहेत: मेरियम-वेब्स्टर, ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज आणि कॉलिन्स. निकाल आधीच सांगतो. दोन-तीन शब्दांतून एक निवडायचा असेल तर मेरियम-वेब्स्टर. निवडलेला शब्द वाक्यात नीट बसवायचा असेल तर ऑक्सफर्ड. तो शब्द कोण कोणाबद्दल वापरतं हे कळत नसेल तर कॉलिन्स. एकट्याने तिन्ही कामं करणारा कोश यात नाही.

मेरियम-वेब्स्टरची खरी ठेव बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ती मूळ शब्दाच्या कोश-पानावर, अर्थ संपल्यावर खाली असते. ‘चूज द राइट सिनोनिम’ असं त्या भागाचं नाव. चार-सहा जवळचे शब्द एकत्र घेऊन प्रत्येकाची छटा एकेका ओळीत सांगितलेली असते. या कंपनीने १९४२ मध्ये समानार्थी शब्दांचा स्वतंत्र कोश काढला होता. छटा वेगळ्या करून सांगण्याचं तेच काम या परिच्छेदांत दिसतं आणि तिथे तिची बरोबरी बाकीचे दोन करू शकत नाहीत.

‘कर्ट’ शब्दाखालचा गट पाहा. ब्लफ, ब्लंट, ब्रस्क, कर्ट, क्रस्टी, ग्रफ हे सहाही शब्द आडपडदा न ठेवता, शिष्टाचाराची फिकीर न करता बोलण्यासाठी आहेत. ब्लफ माणूस मोकळाढाकळा असतो, मनात काही नसतं. ब्लंट समोरच्याला काय वाटेल याची पर्वा न करता थेट बोलतो. ब्रस्कमध्ये बोलण्याला धार असते आणि सौजन्य नसतं. कर्ट म्हणजे इतकं तोकडं उत्तर की ऐकणाराच गोंधळतो. ग्रफचा आवाजच घोगरा, चिडका. आणि क्रस्टी वरून तिरसट असला तरी आत कधीकधी मायाळू निघतो. मराठी वाचकाला हा परिच्छेद वाचताना आपली माणसं दिसू लागतात. फटकळ म्हणजे ब्लंट, तुसडा म्हणजे कर्ट किंवा ब्रस्क, आणि फणसासारखे आजोबा म्हणजे क्रस्टी. सहाही ठिकाणी ‘रूड’ लिहून मोकळं होणाऱ्याला इथे सहा वेगळी माणसं मिळतात. ब्लंटबाबत एक सावधगिरी. सुरी ब्लंट असली की ती बोथट असते, माणूस ब्लंट असला की त्याचं बोलणं टोचतं. कोशातला पहिलाच अर्थ घेऊन ‘बोथट टीका’ असं भाषांतर केलं तर अर्थ बरोबर उलटा होतो.

टीकेच्या शब्दांचा गटही असाच चोख आहे. कॉस्टिकमध्ये चावरी हुशारी असते. मॉर्डंटमध्ये तीच हुशारी जीवघेण्या अचूकतेने वापरलेली असते. ॲक्रिडमध्ये कडवटपणा येतो आणि अनेकदा वाईट चिंतणंही. स्केदिंगमध्ये विनोद नाही, संताप आहे. त्यामुळे लेखापरीक्षण अहवालात यंत्रणेवर ओढलेले ताशेरे स्केदिंग असतात, कॉस्टिक नसतात. विधानसभेतला एखादा खोचक टोमणा कॉस्टिक असतो, स्केदिंग नसतो. ‘बोचरी टीका’ला स्केदिंग किंवा बायटिंग चालतं, पण ‘जहरी टीका’ला व्हिट्रिऑलिकच हवं, कारण त्यात द्वेष मिसळलेला असतो.

शत्रुत्वाच्या नामांचा गट तर भाषांतरकाराने लिहून भिंतीवर लावावा असा आहे. एन्मिटी म्हणजे वैर, उघड किंवा मनात ठेवलेलं. हॉस्टिलिटी म्हणजे तेच वैर हल्ल्यातून, वागण्यातून बाहेर पडलेलं. अँटिपथी म्हणजे मुळातली नावड, तिटकारा. अँटॅगनिझम म्हणजे दोन स्वभावांची टक्कर. ॲनिमॉसिटीत सूडाची भावना असते आणि ती कधीही पेट घेऊ शकते. रँकर म्हणजे झालेला अन्याय मनात घोळवत ठेवणं. ॲनिमस म्हणजे पूर्वग्रहातून आलेलं वैर. मराठीत यांना चपखल शब्द आहेत. ॲनिमस म्हणजे आकस: ‘आकसापोटी केलेली बदली’ या वाक्यात ॲनिमॉसिटी घातली तर अर्थ सैल पडतो. रँकरच्या सगळ्यांत जवळ जातं ते ‘डूख धरणं’. एन्मिटी हे वैर, आणि हॉस्टिलिटी म्हणजे वैरभाव कृतीत उतरणं. एका अक्षराचा फरक इथे मोठा आहे: हॉस्टिलिटी एकवचनी असेल तर वैरभाव, अनेकवचनी हॉस्टिलिटीज असेल तर प्रत्यक्ष लढाई. बातमीत ‘हॉस्टिलिटीज थांबल्या’ असं आलं तर ‘युद्ध थांबलं’ असं लिहायचं, ‘शत्रुत्व संपलं’ असं नाही. शत्रुत्व तसंच राहून तोफा थांबू शकतात.

आता दोष. पहिला मोठा: हे परिच्छेद प्रत्येक शब्दाला नाहीत, आणि जिथे आहेत तिथे ते हव्या त्या अर्थाचेच असतील असं नाही. ‘हार्श’ हाच शब्द घ्या. त्याच्याखालचा परिच्छेद रफ, हार्श, अनईव्हन, रग्ड, स्कॅब्रस या गटाचा आहे, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा. हाताला लागणारा हार्श तिथे छान समजावलाय, मनाला लागणारा हार्श नाही. ज्याला बॉसच्या बोलण्याबद्दल लिहायचं आहे तो इथे रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी शेजारच्या शब्दाचं पान उघडा. ‘सिव्हिअर’खाली सिव्हिअर, स्टर्न, ऑस्टीअर, ॲसेटिक हा गट आहे, शिस्तीच्या कठोरपणाचा, आणि कामाचं तिथे मिळतं.

दुसरा दोष उच्चार-स्पेलिंगचा. कोश अमेरिकी आहे. ‘हॉस्टाइल’चा अमेरिकी उच्चार जवळजवळ ‘हॉस्टल’ असा होतो, आणि आपल्याकडे तो ऐकणाऱ्याला विद्यार्थ्यांचं वसतिगृह आठवतं. भारतात ‘हॉस्टाइल’ हाच उच्चार रूढ आहे, तोच ठेवावा. ‘रँकर’च्या स्पेलिंगमध्ये अमेरिकी पद्धतीने यू गळतो. सरकारी, न्यायालयीन किंवा विद्यापीठीय लिखाणात आपल्याकडे ब्रिटिश स्पेलिंग चालतं, त्यामुळे या कोशातून शब्द थेट चिकटवण्याआधी तो यू परत घालायला हवा. शिवाय उच्चार दाखवायला इथे कोशाची स्वतःची चिन्हं आहेत, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी नाही. ती चिन्हं शिकण्यात वेळ घालवू नका, स्पीकरचं चित्र दाबून ऐका.

थिसॉरसच्या पानाबद्दल थोडक्यात: साध्या यादीपेक्षा बरं, कारण शब्द अर्थांनुसार वेगळ्या गटांत येतात आणि प्रत्येक गटावर ‘ॲज इन’ असं लिहून तो कोणत्या अर्थाचा आहे हे सांगितलेलं असतं. ती ओळ न वाचता पहिला दिसेल तो शब्द उचलला की फसगत ठरलेली.

ऑक्सफर्डकडे वळू. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना केलेला हा कोश तिथे १९४२ मध्ये निघाला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये तो छापला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच तो रचलेला आहे आणि हे पानोपानी जाणवतं. ‘हार्श’चे पाच अर्थ तो वेगळे काढतो: माणसाशी निर्दय वागणं, राहायला अवघड हवामान किंवा परिस्थिती, डोळ्यांना खुपणारा प्रकाश किंवा रंग, कानाला टोचणारा आवाज, आणि कापड किंवा त्वचा खराब करणारं रसायन. मराठीत यातला पहिला सोडला तर एकही अर्थ ‘कठोर’ने भागत नाही. हवामानाला खडतर, प्रकाशाला भगभगीत, आवाजाला कर्कश, साबणाला तीव्र म्हणावं लागतं. इंग्रजीतून मराठीत जाहिराती आणि वेष्टनांवरचा मजकूर आणणाऱ्यांनी ही पाच खाती आधी पाहावीत. ‘कठोर रसायनांपासून मुक्त शॅम्पू’ असलं मराठी ती न पाहिल्यामुळेच जन्माला येतं.

या कोशाचं खरं बळ जोडशब्दांत आहे. कोणतं विशेषण कोणत्या नामापुढे बसतं हे उदाहरणांतून आणि ‘कोलोकेशन्स’च्या उघडझाप होणाऱ्या चौकटीतून कळतं. काही जोड्या पाठच कराव्यात. क्रिटिसिझम हार्श असतो. वॉर्निंग स्टर्न असते. पेन आणि ड्रॉट सिव्हिअर असतात. दुष्काळाला कोणी स्ट्रिक्ट म्हणत नाही. डाएट आणि रूल स्ट्रिक्ट. फाइन आणि कॉम्पिटिशन स्टिफ. डिव्होर्स आणि डिबेट ॲक्रिमोनियस, पण माणूस सहसा ॲक्रिमोनियस नसतो. तो शब्द दोघांमधल्या कडवट भांडणाला लागतो. पर्सनॅलिटी अब्रेझिव्ह. रिप्लाय कर्ट. क्राउड आणि टेकओव्हर हॉस्टाइल. जोडी चुकली तरी व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं, कारण वाक्याची रचना बरोबर असते. परक्या भाषेचा वास येतो तो इथूनच.

दुसरी जमेची बाजू शब्दयोगी अव्ययांची. हार्श ऑन, स्ट्रिक्ट विथ, हॉस्टाइल टू किंवा टुवर्ड्स, स्केदिंग अबाउट, कर्ट विथ. मराठीत ‘माझ्याशी’ आणि ‘माझ्यावर’ एवढ्यावर भागतं, त्यामुळे ‘हॉस्टाइल विथ मी’सारखी वाक्यं सहज लिहिली जातात. आणखी एक नेहमीची चूक: ‘ही स्पोक हार्श’. बोलण्याची रीत सांगायची तर हार्शली लागतं. ‘हिज वर्ड्स वेअर हार्श’ मात्र बरोबर, कारण तिथे शब्दांचं वर्णन आहे.

पण दोन शब्दांतला फरक विचारला की ऑक्सफर्ड हात टेकतो. व्याख्या सोप्या, मोजक्या शब्दांत ठेवायचं त्याचं धोरण आहे आणि त्याची किंमत इथे मोजावी लागते. कर्ट आणि ब्रस्क या दोन्हींची व्याख्या ‘फार थोडे शब्द वापरल्यामुळे उद्धट वाटणारं’ याच्या आसपास फिरते. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. म्हणूनच आधी मेरियम-वेब्स्टर आणि मग ऑक्सफर्ड, हाच क्रम ठेवा. उलटा केलात तर निवड करायला काही उरतच नाही.

कॉलिन्सच्या पानावर शोधायचं ते कोबिल्ड. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या या कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात द्यायची पद्धत आणली. ‘तुम्ही एखाद्याला अमुक म्हणता, तेव्हा तुम्हाला असं म्हणायचं असतं की...’ अशा घाटाची. कठोर शब्दांच्या बाबतीत हा घाट फार उपयोगी पडतो, कारण हे शब्द वस्तुस्थिती कमी आणि बोलणाऱ्याचं मत जास्त सांगतात. व्याख्येतच बोलणारा दिसला की शब्द माणसाला लागतो की बोलण्याला, हेही कळतं. अडचण एवढीच की त्याच पानावर खाली दुसरे कोशही एकाखाली एक रचलेले असतात, ब्रिटिश आणि अमेरिकी. घाईत वाचणारा दोन-तीन कोशांचे अर्थ एकत्र कालवून टाकतो. सगळ्यात वरचं कोबिल्डचं घर वाचा आणि थांबा.

तिन्ही कोश जिथे कमी पडतात ती जागा म्हणजे कार्यालय आणि कायदा. ‘अब्रेझिव्ह’चंच बघा. घासून खरवडणारा, पॉलिश पेपरसारखा, हा अर्थ तिन्हींत आहे. पण भाषाशास्त्रज्ञ किएरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रातले २४८ मूल्यमापन अहवाल तपासले, तेव्हा हा शब्द १३ स्त्रियांसाठी १७ वेळा आला होता आणि पुरुषांसाठी एकदाही नाही. मूल्यमापन लिहिणाऱ्याने हे माहीत असूनच तो शब्द वापरायचा की नाही ते ठरवावं. आमच्या मते तो टाळावा आणि काय घडलं ते लिहावं: बैठकीत सहकाऱ्याला दोनदा मध्येच तोडलं, असं.

‘हॉस्टाइल’ कार्यालयात आणखी जड होतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, कलम ३ मध्ये, ‘हॉस्टाइल वर्क एन्व्हायर्नमेंट’ हे शब्द आहेत. त्यामुळे मनुष्यबळ विभागाला पाठवलेल्या मेलमध्ये हे तीन शब्द आले की वाचणाऱ्याला तो कायदा आठवतो. तक्रार त्याच स्वरूपाची असेल तर बेधडक वापरा, तुमचा तो हक्क आहे. वरिष्ठ नुसते तुटक बोलतात एवढंच सांगायचं असेल तर ‘कर्ट’ पुरेसा आहे. आणि ‘युवर मेल वॉज हार्श’पेक्षा ‘युवर मेल केम अक्रॉस ॲज रादर कर्ट’ लिहिलं तर मला कसं वाटलं ते सांगितलं जातं, समोरच्यावर थेट आरोप होत नाही.

न्यायालयात ‘हॉस्टाइल विटनेस’चं मराठी वर्तमानपत्रांनी ‘फितूर साक्षीदार’ असं केलं आणि ते इतकं रुळलं की आता बदलणार नाही. तरी फरक लक्षात ठेवावा. फितूर म्हटलं की पैसा किंवा गद्दारी आली. कायद्यात एवढंच असतं की ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याच्या विरोधात तो बोलू लागला, आणि मग त्याच पक्षाला त्याची उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी मिळते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये ही तरतूद होती आणि त्या कलमात ‘हॉस्टाइल’ हा शब्दही नव्हता. घाबरलेला साक्षीदारही हॉस्टाइल ठरतो. बातमीत ‘साक्ष फिरवली’ असं लिहिलं तर अर्थ राहतो आणि माणसावर डाग लागत नाही.

हे शब्द लक्षात ठेवायचे कसे? मेरियम-वेब्स्टरच्या पानावर ‘वर्ड हिस्टरी’ हा भाग आहे, तो अजिबात चुकवू नका. यातल्या कितीतरी शब्दांची नाती कारखान्याशी, रंगाऱ्याच्या भट्टीशी आणि स्वयंपाकघराशी आहेत. कॉस्टिक म्हणजे जाळणारं. तुंबलेल्या मोरीत टाकतो तो कॉस्टिक सोडा हाच. व्हिट्रिऑल म्हणजे धातूंची सल्फेटं: द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी लागतं ते मोरचूद म्हणजे ब्लू व्हिट्रिऑल, हिराकस म्हणजे ग्रीन व्हिट्रिऑल, आणि ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हणजे गंधकाम्ल. व्हिट्रिऑलिक टीका म्हणजे अंगावर ॲसिड ओतल्यासारखी टीका, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मॉर्डंटचं मूळ लॅटिनमधल्या ‘चावणं’ या क्रियापदात आहे. रंगकामात तुरटीसारखा पदार्थ कापडाला रंग धरून ठेवायला लावतो, त्यालाही मॉर्डंटच म्हणतात. आणि रँकर व रॅन्सिड ही सख्खी भावंडं. फार दिवस झाकून ठेवलेल्या तेलाला येतो तो खवट वास म्हणजे रॅन्सिड, मनात तसंच झाकून ठेवलेलं वैर म्हणजे रँकर.

शेवटी उलट्या दिशेचं काम, मराठीतून इंग्रजीत जायचं. खवचट, कुजकट, तिरसट, उर्मट, झोंबरं यांच्यासाठी वरचे तिन्ही कोश निरुपयोगी आहेत, कारण सुरुवातच कुठून करायची ते कळत नाही. इथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून हाताशी ठेवण्याजोगा आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दुसरी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. त्यातलं इंग्रजी जुनं झालंय, तिथला शब्द जसाच्या तसा आजच्या मेलमध्ये घालू नका. मोल्सवर्थकडून इंग्रजी शब्दांचा गट घ्या, त्यातला ओळखीचा एक मेरियम-वेब्स्टरमध्ये उघडून छटा पाहा, मग ऑक्सफर्डमध्ये त्याची जोडी आणि अव्यय तपासा. सवय झाल्यावर एका शब्दाला तीन-चार मिनिटं लागतात. खवचटला या वाटेने स्नाइड किंवा सारकॅस्टिकपर्यंत नीट पोचता येतं. कुजकटला स्पाइटफुल जवळ जातं, पण आतल्या आत सडत ठेवून मग काढलेल्या बोलण्याचा जो वास ‘कुजकट’ला आहे तो एका इंग्रजी शब्दात येत नाही, तिथे दोन शब्द वापरावेत, स्नाइड आणि स्पाइटफुल, आणि पुढे जावं.